डाव्या हाताची बांधणी

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला विचार करावा लागत नाही. माझ्या दाजींचे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती. पुढं शिकायचं तर तालुक्याला जावं लागे, आणि तालुक्याला आमचं म्हणावं असं एकच घर होतं, अक्काचं. वडील मला सोडायला आले तेव्हा दाजींसमोर त्यांना नीट बोलताही येईना. दाजींनी माझी पिशवी स्वतःच्या खांद्याला अडकवली आणि म्हणाले, "जेवून जावा मामा. पोरगं राह्यलंच आता."

बहिणीच्या घरी राहून शिकणं ही आमच्याकडे मान खाली घालायची गोष्ट आहे. बाजारात लोक दाजींना विचारत, "मेव्हणा किती दिवस पोसणार?" दाजी म्हणत, "आमच्या धंद्यात चार हात लागतात अन् शिव्या खायला एक तोंड. हात घरचेच होते, तोंड नव्हतं. म्हणून आणलंय." लोक हसत. मीही हसे, आणि त्या हसण्यात माझी लाज विरून जाई. आमच्या घराण्यात मी पहिला पदवीधर झालो. पदवीच्या कागदावर माझं नाव आहे, दाजींचं कुठंच नाही, म्हणून हे आधी लिहिलं.

दाजी मोटारी भरत. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती घेऊन येत. आतली जळालेली तांब्याची तार कापून काढायची आणि नव्या तारेचे वेढे बसवायचे, याला मोटार भरणं म्हणतात. दुकान घराच्या पुढच्या खोलीतच होतं. भरायचं काम दाजींचं. भरून झालेल्या वेढ्यांवर सुती पट्टी गुंडाळून ती घट्ट आवळायची, वर वार्निश पाजायचं आणि वाळवायचं, हे काम अक्काचं. त्याला बांधणी म्हणत. अक्का डावखुरी होती. त्यामुळे तिची पट्टी सगळ्यांच्या उलट दिशेनं फिरे. दाजी अभिमानानं सांगत, "तालुक्यात कुणाचीबी मोटार उघडा. पट्टी उलटी दिसली की समजायचं, आमच्या घरची."

दाजींचा एक रिवाज होता. मोटार का गेली हे ते नुसतं तोंडानं सांगत नसत. जळालेल्या तारेचा तुकडा काढून गिऱ्हाईकाच्या हातात देत. "हे बघा. इथं गेली." चूक लाइटची असो, गिऱ्हाईकाची असो की स्वतःची, तुकडा हातात दिल्याशिवाय भरलेली मोटार दुकानाबाहेर जात नसे. एकदा अक्काची बांधणी सैल राहून मोटार गेली होती. दाजींनी तोही तुकडा तसाच दाखवला. गिऱ्हाईक गेल्यावर अक्का आतून म्हणाली, "माझं नाव सांगायची लई घाई झालती का?"

"मी कुठं सांगितलं? पट्टीच सांगत होती."

त्या दिवशी संध्याकाळी दाजींना भाकरीबरोबर नुसतं मीठ मिळालं. तेही त्यांनी मिटक्या मारत खाल्लं.

मला पुण्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा दाजींनी आपली मोटारसायकल मला दिली. ती तेव्हाच जुनी होती. मी नको म्हणालो. दाजी म्हणाले, "माझं दुकान घरात हाय. मी काय अंथरुणातून दुकानात गाडीवर जाऊ?" गाडी ट्रकमध्ये चढवायच्या आदल्या दिवशी अक्कानं ती अंगणात उभी करायला लावली. पुढचा दिवा उघडला. हँडलच्या मानेपाशी, जिथून सगळ्या वायरी टाकीखाली जातात, तिथली कंपनीची काळी टेप वितळून चिकट झाली होती. अक्कानं ती सोलून काढली. वायरी रॉकेलच्या फडक्यानं पुसल्या. मग मोटारीला करायची तशीच बांधणी केली. दिव्याच्या मागून मान ओलांडून टाकीखाली हातभर, सुती पट्टी, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवलेला. वर वार्निशचे हात. दिवसभर गाडी उन्हात ठेवली. वाळल्यावर तिनं नखानं वाजवून दाखवलं.

"लोखंड झालंय बघ. आता पाणी शिरायचं नाही की उंदीर लागायचा नाही. तुझं शिक्षण संपंल, पर ही बांधणी संपायची नाही."

माझं शिक्षण संपलं. हिंजवडीत नोकरी लागली. शनिवार पेठेत एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर खोली घेतली. ऑफिसला कंपनीच्या बसनं जातो, त्यामुळे गाडी सुट्टीची आणि बाजारहाटाची. ती कधी वायरीमुळे बंद पडली नाही.

मग अक्काचं पोटाचं दुखणं निघालं. ते तिनं बरेच दिवस अंगावर काढलं होतं. तालुक्याच्या डॉक्टरांनी पुण्याला न्या म्हणून सांगितलं, आणि दोघं माझ्या खोलीवर आले. रिक्षात तिला मळमळायचं, म्हणून तपासण्यांना मी तिला गाडीवरच नेत असे. हळू, खड्डे चुकवत. माझ्या पाठीवर तिचं डोकं टेकलेलं असे आणि त्याला काही वजनच नसे. एकदा परत आल्यावर ती लगेच आत गेली नाही. अंगणात गाडीला धरून उभी राहिली. वाकली, दिव्यामागे बोट घातलं आणि नखानं वाजवलं.

"टणक हाय की अजून," ती दाजींना म्हणाली. "तुम्ही म्हणत होता ना, सैल बांधते म्हणून?"

"एकदा म्हणलो आयुष्यात," दाजी म्हणाले.

"एकदा मीठभाकर खाल्ली, तरी कळलं नाही."

त्या दुखण्यात तिला हसताना मी पाहिलं ते तेवढंच. नंतर दवाखान्याच्या व्हरांड्यात दाजी बाकावर बसून असत. मी शेजारी बसत असे. एके दिवशी म्हणाले, "शंभर फुटांवरनं आवाज ऐकून मोटार कुठं दुखतीय ते सांगायचो. घरातलं माणूस दुखत होतं, ऐकू आलं नाही." 

अक्का गेली. दाजी तालुक्याला परतले आणि त्यांनी दुकान उघडलंच नाही. मोटारी तपासून तपासून त्यांचे कान आधीच अधू झाले होते, आता फोनही नीट घेईनात. घेतला तर "हां, हां" म्हणून ठेवून देत. शेजारचे काका सांगत, दिवसभर पुढच्या खोलीत बसतात, दार लावून. वेढे घालायचं यंत्र कुणाला तरी देऊन टाकायचं म्हणतात.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा मात्र त्यांचा आपणहून फोन आला. "एस्टीनं येऊ नको. गाडीवर ये."

"दिवसभराचा रस्ता आहे दाजी. आणि गाडी जुनी."

"ये तरी. तिच्या हातच्या मोटारी आठवून बघितल्या मी. ज्या आठवल्या त्या सगळ्या कधी ना कधी जळाल्या, पुन्हा भरल्या. तिची बांधणी गेली त्यांच्यातनं. तुझ्या गाडीवरची तेवढी चालू हाय. मला ती बघायचीय एकदा."

मी "आणतो" म्हणालो. वर्षभरात त्या माणसानं कुणाकडे काही मागितलं नव्हतं. त्यांनी मागितलेली ही एकच गोष्ट होती.

आणि त्याच आठवड्यात गाडीनं फ्यूज उडवायला सुरुवात केली.

आधी नारायण पेठेत एका वळणावर दिवा, हॉर्न, इंजिन सगळं एकदम गेलं. फ्यूज जळाला होता. नवा घातला, गाडी सुरू झाली, आणि पुढच्या डाव्या वळणाला पुन्हा तेच. तिथंच एक गॅरेज होतं. ढकलत नेली. गॅरेजवाल्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली.

"कुणाची?"

"माझीच. आधी दाजींची होती."

"वारसाहक्कानं आली म्हणायची. सातबारा आणलाय का बरोबर?"

मी म्हणालो, डावीकडे वळलं की फ्यूज जातो. ते म्हणाले, "मग उजवीकडेच वळत जा. पुण्यात सगळे रस्ते कुठे ना कुठे पोचतातच." मग दिव्यामागे वाकून बघितलं आणि थांबले. "हे काय बांधलंय? प्लॅस्टर?"

"बहिणीनं बांधलं होतं."

"अख्खं वायरिंग बदलावं लागेल. हे सगळं काढून टाकू."

"पूर्ण नको. जेवढं खराब असेल तेवढंच करता येईल का?"

"अहो, आपण आयटीतले ना? वर्षाला फोन बदलता, आणि वायरिंग बदलायला जीव जातोय?" माझ्या चेहऱ्याकडे बघून ते जरा थांबले. स्वर तोच कोरडा राहिला, पण म्हणाले, "तेवढंच करायचं असेल तर घरी बसून करा. त्याला सवड लागते. आमच्याकडे ती नसते."

रविवारी सकाळी मी गाडी अंगणात घेतली. वरच्या मजल्यावरून मालकीणबाईंनी हटकलं, "तेल सांडू नका हं तिथे. आम्ही तिथे रांगोळी काढतो, तुमच्या गाडीचं बारसं नाही करत." मी खाली पोतं अंथरलं.

दाजींच्या दुकानात दोष शोधायची पहिली रीत मी शिकलो होतो ती म्हणजे दिवा लावून बघणं. फ्यूज काढला आणि त्याच्या जागी गाडीचाच एक छोटा दिवा जोडला. वायर कुठं लोखंडाला टेकली तर फ्यूज उडण्याऐवजी तो दिवा भगभगीत पेटतो. हँडल सरळ असताना दिवा जेमतेम मिणमिणत होता. उजवीकडे वळवलं, काही नाही. डावीकडे पूर्ण वळवलं आणि दिवा लख्ख पेटला. पुन्हा सरळ केलं, मंदावला. दोष मानेपाशी होता.

बॅटरीची तार सोडवली, टाकी उतरवली आणि पुढचा दिवा उघडला. अक्काची बांधणी होती तशी होती. एक वेढा सुटलेला नव्हता. रंग मधासारखा तपकिरी झाला होता. मला बरं वाटलं, दोष दुसरीकडे असणार. मग मी हँडल डावीकडे धरून, मोबाइलच्या उजेडात बांधणीच्या दिव्याकडच्या टोकाशी बघितलं.

बांधणी जिथं संपत होती, अगदी त्या कडेवर, वायरींचं प्लॅस्टिक तडकलं होतं. एका वायरीचं तर गोल कापल्यासारखं उघडं पडलं होतं, आत तांबं चमकत होतं, आणि हँडल वळलं की ते मानेच्या लोखंडाला टेकत होतं.

मी तिथंच पोत्यावर बसून राहिलो. कारण समजायला वेळ लागला नाही, पटायला लागला. मोटारीतले वेढे बसल्या जागी असतात, ते कधी हलत नाहीत. म्हणून तिथं बांधणी जितकी टणक तितकी चांगली. पण गाडीची मान दर वळणाला वळते आणि तिथल्या वायरी तिच्याबरोबर वाकतात. अक्कानं वार्निश पाजून तेवढ्या वायरींचं लोखंड केलं होतं. त्या भागाला वाकता येईना, तेव्हा सगळं वाकणं त्याच्या कडेवर आलं. इतकी वर्षं प्रत्येक वळणाला तीच एक कड वाकत राहिली आणि शेवटी तडकली. मोटारी भरणाऱ्या घरातच होऊ शकेल अशी ही चूक होती.

बांधणी तशीच ठेवून वायर दुरुस्त होणार नव्हती. मानेवरचा भाग कापावाच लागणार होता. आणि दाजींना तोच बघायचा होता.

मी त्यांना फोन लावला. त्यांना ऐकू जावं म्हणून ओरडून बोलावं लागत होतं, त्यामुळे सगळ्या इमारतीला कळलं.

"दाजी, गाडीची वायर गेलीय!"

"काय गेली?"

"वायर! मानेपाशी!"

मग त्यांनी विचारलं, "बांधणी कशी हाय?"

"टणक आहे," मी म्हणालो.

"मंग झालं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात जे समाधान होतं ते वर्षभर मी ऐकलं नव्हतं. "ये मंग घेऊन."

मी खोटं बोललो नव्हतो. पण तुकडा हातात दिला नव्हता.

चाकूनं बांधणी कापेना. करवतीच्या पात्याचा तुकडा घेऊन हळूहळू कापली. कापताना पात्याखाली वार्निश गरम झालं आणि त्याचा वास आला. पुण्यातल्या त्या अंगणात एकदम आमची पुढची खोली आली. अक्काच्या पदराला तो वास कायम असे. आम्ही जेवायला बसलो की वाढताना यायचा. मी थोडा वेळ काम थांबवलं. वरून मालकीणबाई म्हणाल्या, "काय हो, झालं का?" मग बहुधा त्यांनी माझं तोंड बघितलं असावं. काही न बोलता आत गेल्या आणि थोड्या वेळानं चहाचा कप पायरीवर ठेवून गेल्या.

बांधणीच्या आतल्या वायरी नव्यासारख्या होत्या. हिरवी ती हिरवी, लाल ती लाल. जिथं तिचा हात फिरला होता तिथं पाणी, धूळ, उष्णता काही शिरलं नव्हतं. फक्त कड तेवढी गेली होती. तडकलेला भाग मी काढून टाकला, त्या जागी मऊ वायरीचे तुकडे कथलाचा डाग देऊन जोडले, प्रत्येक जोडावर गरम केल्यावर आवळून बसणारी नळी चढवली. मानेपाशी वायरींना वळायला पुरेल एवढी ढील ठेवली आणि सगळ्यांवर मिळून एक मऊ रबरी नळी सरकवली. टाकीखालच्या भागाला हात लावला नाही. तिथं काही वळत नाही. बॅटरी जोडली, फ्यूजच्या जागी पुन्हा तो दिवा लावला आणि हँडल डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवत राहिलो. दिवा मिणमिणतच राहिला, लख्ख पेटला नाही.

कापलेला तुकडा पोत्यावर पडला होता. बोटभर लांब, आतून पोकळ, कडक. टाकून देता येईना. खिशात घातला. संध्याकाळपर्यंत ठरवत होतो. दाजींना सांगितलं नाही तरी चालण्यासारखं होतं. टाकीखालचा भाग दाखवला असता, ते बघून समाधानानं बसले असते. पण ज्या घरात मी वाढलो तिथं तुकडा हातात दिल्याशिवाय मोटार बाहेर जात नसे. फोनवर ओरडून सांगायची ही गोष्ट नव्हती. आणि तिथं जाऊन, श्राद्धाच्या पानांसमोर, तोंडानं सांगायला मला जमलं नसतं. म्हणून पत्र लिहिलं. ते असं:

दाजी,

नमस्कार करतो. फोनवर तुम्ही विचारलंत बांधणी कशी आहे, आणि मी टणक आहे म्हणालो. ते खरं आहे, पण पूर्ण नाही. वायर बांधणीच्या कडेलाच तडकली. बांधणी वाकत नव्हती आणि मान वळत होती, म्हणून कड गेली. चूक म्हणायची तर इतकीच, की मोटार बसल्या जागी असते आणि गाडी वळते. हे तेव्हा अक्काला सुचलं नाही, तुम्हाला सुचलं नाही, आणि मी तर तिथं उभा राहून तिनं नखानं वाजवलेलं ऐकत होतो. त्यामुळे ही तुम्ही एकट्यानं स्वतःकडे घेऊ नका. तुम्ही व्हरांड्यात जे बोललात ते माझ्या लक्षात आहे. तेही एकट्यानं घेऊ नका. मीही फोनवर तिच्याशी बोलत होतो, मलाही ऐकू आलं नाही.

मानेवरची बांधणी मला कापावी लागली. तुम्हाला बघायची होती हे माहीत असून कापली. दुसरा इलाज नव्हता, नाहीतर गाडी तुमच्यापर्यंत आली नसती. टाकीखालचा हातभर भाग तसाच आहे. मी आल्यावर टाकी उतरवून बघू. आतल्या वायरींचे रंग अजून दुकानातल्यासारखे आहेत.

मानेपाशी मी फक्त नळी सरकवली आहे. वर पट्टी बांधलेली नाही. माझ्या हाताला ते वळण नाही. यंत्र द्यायचं ठरलं असेल तर द्या, मी काही म्हणणार नाही. पण सुती पट्टीचा एक गुंडा राहू द्या. ती तुम्ही बांधा, वार्निश न लावता, थोडी सैल. सैल बांधली म्हणून आता कुणी मीठभाकर वाढणार नाही.

मी आदल्या दिवशी पहाटे निघतो. सावकाश येईन.

कापलेला तुकडा या पाकिटात ठेवला आहे. वार्निशमुळे पट्टीचा रंग गेलाय, पण ती कोणत्या बाजूनं फिरली आहे ते तुम्हाला हातात घेतल्याबरोबर कळेल.

तुमचाच,
मेव्हणा